घरपट्टीतील सूट

महाराष्ट्र शासनाने २०२१ च्या जुलैत विद्युत वाहनांचे जे धोरण जाहीर केले, त्यात सार्वजनिक चार्जर उभारणाऱ्यास मंद गतीच्या यंत्रामागे खर्चाच्या ६० टक्के, परंतु १०,००० रुपयांच्या मर्यादेत, अनुदान देऊ केले होते. स्वतःच्या ओटीवर चार्जर बसवू इच्छिणाऱ्या गृहस्थासाठी मात्र रोख रकमेऐवजी एक सद्भावना राखून ठेवली होती, ती अशी की, नागरी स्वराज्य संस्थांनी त्यास मालमत्ताकरात सूट द्यावी म्हणून त्या संस्थांना प्रोत्साहन दिले जाईल. प्रोत्साहन संस्थेला, सूट गृहस्थाला आणि तोशीस खजिन्याला नाही! त्यातही अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन येथे निदान नगरपरिषदा आहेत. किहीम, नागाव, दिवेआगरचा बागायतदार घरपट्टी भरतो ती ग्रामपंचायतीत, तेव्हा हे प्रोत्साहनदेखील त्याच्या कुंपणाबाहेरूनच निघून जाते.

ज्या किनाऱ्यावर ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने सुपारीच्या बागांसह विजेचे खांब आडवे केले आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली, तेथील माणूस अनुदानाचा अर्ज लिहिण्यापूर्वी एकवार तारेकडे पाहतो, ही गोष्ट सरकारदफ्तरी नमूद नसावी. मुंबईकराची विद्युत मोटार मात्र २०२५ च्या ऑगस्टपासून अटल सेतूवरून पथकर न देता रायगडात उतरते, आणि शनिवारी रात्री वाडीच्या राखणदाराच्या खोलीतील सॉकेटमधून निःसंकोच वीज घेते. राखणदाराच्या बिलास अनुदान कोणत्या लेखाशीर्षाखाली द्यावे, याचा शासननिर्णय यथावकाश निघेलच.