मीटरच्या कारागिरास अनावृत पत्र

जालना जिल्ह्यात जुन्या मोटारसायकलींचे मीटर मागे फिरवून गाड्या विकणाऱ्या गृहस्थांस,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम’ लिहायची आपल्याकडे रीत आहे. तेवढं प्रेम तुमच्यासाठी माझ्याजवळ नाही, म्हणून नुसता नमस्कार. तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहीत नाही. नाव लिहिलं तर तुमच्यासारखे बाकीचे सुटकेचा निःश्वास टाकतील, आणि हे पत्र त्यांनाही तितकंच लागू आहे.

माझ्या भाच्याने तुमच्याकडून एमएच-21 पासिंगची 2009 सालची हिरो होंडा स्प्लेंडर घेतली. 15 वर्षं पूर्ण झालेली आणि पुढच्या 5 वर्षांसाठी पुनर्नोंदणी करून घेतलेली गाडी. तो राहतो अंबड तालुक्यात आणि कामाला येतो जालन्याच्या एमआयडीसीत, स्टीलच्या कारखान्यात. पाळी बदलली की जाण्यायेण्याची वेळ बदलते, त्या वेळेला एसटी मिळेलच असं नाही. गाडी ही त्याची हौस नव्हे, पोटाची सोय आहे. हे त्याने तुम्हाला सांगितलं होतं. ते ऐकूनच तुम्ही मीटरवर बोट ठेवलंत आणि म्हणालात, “एका मास्तरांची गाडी आहे, एकहाती. फक्त 34 हजार चाललीय.”

15 वर्षांत 34 हजार म्हणजे दिवसाला सरासरी सहा किलोमीटर. घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन या तालुक्यांत शाळा, बँक, बाजार समिती, दवाखाना कुठलंही काम गाठायला मोटारसायकल काढावी लागते. अशा जिल्ह्यात दिवसाला सहा किलोमीटर चालणारी स्प्लेंडर तुम्ही शोधून काढलीत! गाडी शोधली नव्हती, आकडा घडवला होता. भाच्याने तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि मागाल तेवढे पैसे मोजले.

थोड्याच दिवसांत स्पीडचा काटा 40 वर अडकला. उभ्या गाडीतही 40 आणि पळत्या गाडीतही 40. पेट्रोलचा काटा तर पहिल्यापासून अर्ध्यावर होता, टाकी भरली तरी अर्धा आणि संपत आली तरी अर्धा. एका रात्री पाळी सुटल्यावर अंबड रस्त्यावर गाडी बंद पडली. रिझर्व्हवर टाकून पाहिली, रिझर्व्हही संपलेलं. मागून उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, बहुतेकांना मागचे दिवे नाहीत, आणि हा पोरगा अंधारात गाडी ढकलतोय. त्या रात्री त्याला काही झालं नाही. याचं श्रेय तुमच्याकडे जात नाही.

मग आम्ही आमच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे गाडी नेली. त्याने हेडलाइटचा डूम सोडवला, मीटर खाली उतरवला आणि फळीवर पालथा ठेवला. मीटरच्या केसच्या स्क्रूंच्या खाचा खाल्लेल्या होत्या. कंपनीतून आल्यानंतर तो मीटर उघडला गेल्याची ती पहिली खूण. आतली आकड्यांची चाकं एका ओळीत नव्हती, दहा हजारांचं चाक शेजारच्या चाकांपेक्षा जरासं खाली उतरलेलं होतं. काट्याची बारीक दांडी वाकलेली होती, म्हणून काटा अडकत होता. टाकीखालचं कनेक्टर पाहिलं तर फ्लोटकडून येणाऱ्या वायरी सोडवून ठेवलेल्या, आणि गेजकडे जाणाऱ्या दोन वायरींमध्ये एक चिमुकला रेझिस्टन्स डकवून वर काळी टेप गुंडाळलेली. काटा आयुष्यभर अर्ध्यावर राहावा एवढ्यासाठी! शेवटी साइड पॅनल काढलं. त्याच्या आतल्या बाजूला ऑइल बदलल्याचं जुनं स्टिकर होतं. त्यावर पेनाने लिहिलेलं साल 2018 आणि किलोमीटर 61,400. तुम्ही मीटर मागे फिरवलात, पण स्टिकर पाहायचं राहून गेलं.

आता तुम्ही म्हणाल, पाच आकडी मीटर 99,999 नंतर पुन्हा शून्यावर येतो, तसा तो आला असेल. तसं असेल तर गाडी सव्वा लाखाच्या पुढे चाललेली आहे, आणि तरीही ‘फक्त 34 हजार’ हे खोटंच आहे. पण खाल्लेले स्क्रू आणि उतरलेलं चाक काय ते सांगून जातात.

मीटर म्हणजे गाडीचा सातबारा आहे. पुढचा मालक त्यावर विसंबून पैसे मोजतो, मिस्त्री त्यावर विसंबून काम ठरवतो. त्यावर खाडाखोड करणारा माणूस नुसते चार पैसे जास्त घेत नाही, पुढच्या मालकाचे सगळे हिशोब चुकवून ठेवतो.

तुमच्या हातात कसब आहे, हे मला मान्य आहे. मीटर उघडून काटा न तोडता पुन्हा बसवणं सोपं नाही. म्हणूनच जास्त संताप येतो. ज्या यंत्राला तुम्ही हात लावता, त्याची तुम्हाला पुरेपूर माहिती आहे. पुढच्या चाकाच्या हबमध्ये वर्म फिरतो, तो केबलच्या आतली तार फिरवतो, तार मीटरमधलं लोहचुंबक फिरवते. चुंबकाभोवतीच्या ॲल्युमिनियमच्या वाटीत त्या फिरण्याने प्रवाह निर्माण होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला धरून ठेवते, आणि त्या ओढाताणीतून काटा वेग दाखवतो. हे तत्त्व वापरून ऑटो शुल्झे या जर्मन संशोधकाने 1902 मध्ये स्पीडोमीटरचं पेटंट घेतलं. शंभराहून जास्त वर्षं कोट्यवधी गाड्या याच साध्या रचनेवर चालल्या. ना बॅटरी लागते, ना चिप. त्याच तारेवरून गिअरच्या मदतीने किलोमीटरची चाकं फिरतात. इतक्या प्रामाणिक यंत्राला खोटं बोलायला लावण्यासाठी माणूसच लागतो.

त्या खोट्या आकड्याचं पुढे काय होतं, तेही ऐका. आमच्याकडे बहुतेक मिस्त्री तीनेक हजार किलोमीटरला ऑइल बदलायला सांगतात. मीटर बंद असेल तर ते तीन हजार मोजायचे कशावर? ऑइल काळं होतं, पातळ होतं, आणि मग ब्लॉक-पिस्टनचं काम निघतं. चेनसेट, क्लच प्लेट, ब्रेक शू, कोनसेट हे सगळे भाग गाडी किती चालली यावरून तपासले जातात. 34 हजार चाललेली गाडी म्हणून मिस्त्री चेन नुसती ताणून देतो, आणि प्रत्यक्षात स्प्रॉकेटचे दात करवतीसारखे झालेले असतात. अशी चेन रस्त्यात सुटून मागच्या चाकात अडकली तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

वेगाचंही तसंच. केंद्र सरकारच्या एप्रिल 2018 च्या अधिसूचनेने साध्या रस्त्यावर मोटारसायकलची कमाल मर्यादा 60 ठेवली आहे. काटा 40 वर अडकला असेल तर आपण 60 ओलांडली की नाही, हे भाच्याला कळणार कसं? आंतरराष्ट्रीय नियम क्रमांक 39 चं मुख्य तत्त्व असं आहे की स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा थोडा जास्त वेग दाखवला तर चालेल, कमी कधीच दाखवता कामा नये. जगाने हे इतकं जपलंय, आणि तुम्ही दांडी वाकवून मोकळे झालात.

कायद्याची भीती तुम्हाला वाटत नाही, कारण आजवर कुणी तक्रार केली नाही. आता वाटू द्या. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 117 गाडीला चालू स्पीडोमीटर असावा असं सांगतो. खोटं सांगून पैसे घेणं ही फसवणूक आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये फसवून मालमत्ता किंवा पैसे काढून घेण्याला 7 वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं आणि ताब्यातल्या गाडीच्या फेऱ्यांची नोंद ठेवावी, हा नियम 1 एप्रिल 2023 पासून आहे. तुमच्याकडे ते अधिकारपत्र आहे का? असेल तर पुढच्या गिऱ्हाइकाला आधी ते दाखवा, मीटर नंतर दाखवा.

अमेरिकेने मीटर मागे फिरवणं 1972 मध्येच कायद्याने बंद केलं. जर्मनीने 2005 मध्ये तो गुन्हा ठरवला. बेल्जियममध्ये 2006 पासून जुनी कार विकताना तिच्या किलोमीटरच्या नोंदींचा दाखला द्यावा लागतो. आपल्याकडेही पुनर्नोंदणीच्या आणि मालक बदलण्याच्या वेळी मीटरचा आकडा नोंदवून तो सर्वांना पाहता येईल असा ठेवला, तर तुमचा धंदा एका वर्षात बसेल. तो बसावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तुम्ही एक बचाव नेहमी करता: “जुन्या गाडीचा मीटर बिघडतोच, बदलला तर काय पाप केलं?” मीटर बिघडतो, बरोबर आहे. आमच्या काळ्या मातीचा चिखल पुढच्या हबमध्ये शिरतो, वर्म कोरडा पडतो, केबल तुटते. बदलण्यात काहीच पाप नाही. बदललेलं लपवण्यात आहे. सरळ माणूस मीटर बदलतो तेव्हा जुना आकडा आणि तारीख बिलावर लिहून गिऱ्हाइकाच्या हातात देतो. काम तेवढंच, फरक फक्त एका ओळीचा. ती ओळ तुम्ही का लिहीत नाही, याचं उत्तर तुमच्यापाशी आहे.

आणि प्रत्येक वेळी मीटर बदलावा लागतो असंही नाही. हे तुम्हाला माहीत आहे, पण वाचणाऱ्यांना माहीत असायला हवं म्हणून लिहितो. काटा बंद पडला तर आधी मीटरखालून केबल सोडवा, गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचलून फिरवा आणि आतली तार फिरते का बघा. फिरत असेल तर दोष मीटरचा. फिरत नसेल तर तार बाहेर ओढा. तुटलेली निघाली तर केबल बदला, ती शे-दीडशे रुपयांत येते. धड निघाली तर हबमधला वर्म झिजलाय. वर्म आपल्याच मॉडेलचा घ्या, दुसऱ्या गाडीचा बसवला तर दात जुळत नाहीत किंवा वेग चुकीचा दिसतो. काटा थरथरत असेल तर केबल कोरडी किंवा मुरडलेली आहे. तारेला ग्रीस लावताना खालचा भागच माखा, मीटरकडचं टोक कोरडं ठेवा, नाहीतर ग्रीस वर चढून मीटर खराब करतं. पेट्रोलचा काटा हलत नसेल तर टाकीच्या युनिटचं कनेक्टर काढा, चावी चालू करा आणि दोन वायरींची टोकं क्षणभर एकमेकांना लावा. काटा टोकाला गेला तर गेज चांगला आहे, बिघाड टाकीतल्या फ्लोटमध्ये आहे. एवढी तपासणी कुठलाही प्रामाणिक मिस्त्री चहा यायच्या आत करून देतो.

तुमच्याकडे माझी मागणी साधी आहे. भाच्याच्या गाडीचा खरा हिशोब लिहून द्या आणि जादा घेतलेले पैसे परत करा. नाही दिलेत तर जालन्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात भेटू. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि तक्रारीला 2 वर्षांची मुदत आहे. ते स्टिकर, तो रेझिस्टन्स आणि खाल्लेल्या खाचांचे फोटो आम्ही जपून ठेवले आहेत.

आणि जुनी गाडी घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला विनंती. मीटरचा आकडा शेवटी बघा. आधी ब्रेक पेडल आणि फूटरेस्टचं रबर, स्प्रॉकेटचे दात, हॅण्डल मध्यावर अडकतं का, मीटरच्या स्क्रूंच्या खाचा, साइड पॅनलच्या आतली स्टिकरं हे सगळं बघा. आपला मिस्त्री सोबत न्या. परिवहनच्या ॲपवर नोंदणीची तारीख आणि कितवा मालक ते तपासा. सांगितलेले किलोमीटर विक्रेत्याच्या सहीने पावतीवर लिहून घ्या. सही करायला जो कचरतो, त्याची गाडी घेऊ नका. आणि फसवले गेलात तर गप्प बसू नका, 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.

आपला,
तुमच्या एका गिऱ्हाइकाचा मामा, अंबड तालुका, जिल्हा जालना