शनिवार-रविवारचं अंगण: नवशिक्यांसाठी पावसाळी मार्गदर्शिका

कोणी वाचावी

मुंबई-पुण्यातल्या ज्या मंडळींनी सिंधुदुर्गात दहा-बारा गुंठे घेऊन त्यावर जांभ्या चिऱ्याचं टुमदार घर बांधलं आहे आणि ज्यांचा तिथला पहिला पावसाळा अजून व्हायचा आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. ज्यांचं गावात पिढ्यान्‌पिढ्या घर आहे त्यांनी वाचू नये, उगाच हसू येईल. फ्लॅटवाल्यांनी वाचायला हरकत नाही. गॅलरीतल्या कुंडीखालच्या बशीलाही यातलं बरंच लागू पडतं.

प्राथमिक माहिती एवढीच. घरापुढच्या मोकळ्या जागेला अंगण म्हणतात, मालवणीत खळं. सातबारा तुमच्या नावावर झाला म्हणजे खळं तुमचं झालं. त्यात साचणारं पाणीही तुमचंच झालं. पहिली गोष्ट लोक फेसबुकवर टाकतात, दुसरी कोणी टाकत नाही.

पाऊस येण्याआधी

पुण्यात वर्षभर मिळून जेवढा पाऊस पडतो तेवढा इथे एकट्या जुलैत पडून जातो, आणि ऑगस्ट अजून शिल्लक असतो. त्यामुळे ‘थोडंसं पाणी साचलंय’ असं इथे कोणी म्हणत नाही. पावसाळ्याच्या तयारीला इथे आगोट म्हणतात आणि ती मृगाच्या आत, म्हणजे जूनचा पहिला आठवडा सरायच्या आधी उरकायची असते. कौलं परतायची, फुटकी बदलायची, जळाऊ लाकडं आडोशाला घ्यायची, मसाला, सुकी मासळी आणि मीठ भरून ठेवायचं. तुमच्या यादीत या जागी इन्व्हर्टर आणि वाय-फाय असेल. असू द्या, पण पन्हळीतला पाला काढायचं कामही त्याच यादीत लिहा, आणि वर लिहा.

घरातल्या वस्तूंबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मीठ पाझरतं, काडेपेटी सादळते, बिस्किटं मान टाकतात, चामड्याच्या चपलांवर बुरशी धरते. हवाबंद डबे घ्या, डाळीला एरंडेलाचा हात लावा, चामडी चपला मुंबईतच ठेवा. अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ येईल, त्यावर ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासा. खराटा कुठे मिळतो ते ऑनलाइन शोधू नका, शेजारी विचारा. तेवढ्याने ओळखही होते.

सजावट, ऊर्फ डास पाळण्याची सोपी कृती

नव्या अंगणाला ‘गावाकडचा फील’ यावा म्हणून हौशी माणूस काही वस्तू हमखास आणतो. पितळी उरळी, तिच्यात झेंडूच्या पाकळ्या. कुणाच्या तरी मोडलेल्या वाड्यातला दगडी रगडा. जुन्या बाजारातलं घंगाळ. पिवळ्या रंगाने रंगवलेला टायर आणि त्यात लावलेलं ऑफिसटाइम. या सगळ्या वस्तूंचा फोटो फार छान येतो. या सगळ्या वस्तूंत पाणीही फार छान राहतं.

आता कृती. शनिवारी सकाळी उरळीत विहिरीचं निवळशंख पाणी भरावं. दुपार कलेपर्यंत एडीस जातीची मादी जागा पाहायला येते. तिला गटारातलं काळं पाणी आवडत नाही. सावलीतलं, स्थिर, स्वच्छ पाणी हवं असतं, आणि ते तुम्ही पुरवलेलं आहे. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर काठावर ती आपली काळी अंडी एकेक करून चिकटवते. रविवारी संध्याकाळी तुम्ही पडवीला कुलूप लावून निघता. दोनेक दिवसांत अंड्यांतून अळ्या निघतात आणि पाण्यात डोकं खाली करून वळवळत राहतात. चार-पाच दिवसांनी त्यांचे स्वल्पविरामासारखे कोष होतात आणि कोषांतून डास बाहेर पडतात. दमट, उबदार हवेत हा सगळा कारभार सात ते दहा दिवसांत आटोपतो. म्हणजे पुढच्या किंवा फार तर त्याच्या पुढच्या शनिवारी तुम्ही फाटक उघडता तेव्हा घरात स्वागताला कोणीतरी असतं. वीकेंड होमचं वेळापत्रक आणि एडीसचं वेळापत्रक इतकं जुळतं की कुंडली पाहायची गरज नाही.

दिवाळीनंतर उरळी कोरडी करून माळ्यावर टाकली म्हणून सुटलो, असंही समजू नका. काठाला चिकटलेली अंडी कोरड्यात महिनोन्‌महिने तग धरतात आणि पुढल्या जूनमध्ये पाणी लागलं की उबतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देणं हे अर्धंच काम. आतून, विशेषतः काठाला, काथ्याने खसाखसा घासायचं. आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून दरवर्षी सांगतं ते याच हिशेबाने. मधे एक दिवस साखळी तुटली की डासाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

डासांशी ओळख

आपला माणूस सगळ्या डासांना एकाच नावाने ओळखतो आणि एकाच ठिकाणी शोधतो: शेजाऱ्याच्या गटारात. तिथे सापडतो तो मुख्यतः क्युलेक्स, रात्री कानाशी गुणगुणणारा, हत्तीरोगाचा वाहक. बसताना पार्श्वभाग वर उचलून तिरका बसतो तो ॲनॉफिलिस. हिवताप याचा. रोनाल्ड रॉसने 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत याच्याच पोटात हिवतापाचे जंतू पाहिले. तारीख लक्षात घ्या, ऐन पावसाळा होता. याची एक शहरी जात विहिरी आणि गच्चीवरच्या टाक्यांत रमते. डॉ. बेंटली यांनी 1911 साली मुंबईच्या हिवतापावर अहवाल दिला तेव्हा बोट घराघरांतल्या विहिरींकडेच दाखवलं होतं, आणि विहिरी झाकायला किंवा बुजवायला मालकांनी खळखळही केली होती. तेव्हा तुमची टाकी उघडी असेल तर तुम्ही एक जुनी मुंबईकर परंपरा चालवत आहात.

तिसरा एडीस. पायांवर पांढरे पट्टे, दिवसाढवळ्या चावणार, सकाळी आणि दुपार उतरल्यावर जास्त, तोही बहुधा घोट्याला, टेबलाखालून. डेंग्यू आणि चिकुनगुनिया यांचा वाहक. चावते ती फक्त मादी, कारण अंड्यांसाठी तिला रक्त लागतं. नर फुलांच्या रसावर भागवतो. यावर घरात विनोद करू नका, चहा उशिरा मिळतो.

एडीसबद्दल खरी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे तो आळशी आहे. साधारणपणे जन्मला तिथून शंभर-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही. तेव्हा झोपाळ्यावर बसून पेपर वाचताना तुम्हाला जो चावला तो ग्रामपंचायतीच्या गटारातून आलेला नाही, घाटावरूनही आलेला नाही. तो इथलाच, तुमच्या कंपाउंडातला. आधार कार्ड काढायचं झालं तर त्याचा पत्ता तुमचाच लागेल.

ही बाब नवी नाही. 1901 साली हवानामध्ये गॉर्गस नावाच्या अमेरिकी डॉक्टरने याच डासाच्या मागे माणसं लावली. ती घरोघरी जाऊन पिंप, हौद आणि मडकी तपासत, उघडं पाणी सापडलं तर मालकाला दंड होई. शतकाहून अधिक काळ ठाण मांडून बसलेला पीतज्वर काही महिन्यांत त्या शहरातून गेला. हवानाच्या लोकांनाही तो दंड म्हणजे अन्यायच वाटला असणार. घरात येऊन कोणी आपलं पिंप पाहिलं की माणसाला राग येतो, मग ते पिंप कुठल्याही देशातलं असो.

शोधमोहीम

रविवारी सकाळी नाश्त्याआधी अर्धा तास काढून अंगणाला एक फेरी मारा. हातात कॅमेरा नको, काठी असू द्या. पाला उचकताना आत काय असेल सांगता येत नाही.

लाकडांवर टाकलेली निळी ताडपत्री आधी बघा. तिला मधोमध झोळ पडतो आणि झोळात बादलीभर पाणी असतं. दोरी ताणून बांधा, उतार द्या. मग माडाखाली या. केल्डी, म्हणजे माकडं, भोकं पाडून खाली टाकतात त्या शहाळ्यांत पाणी साचतं, करवंट्यांत साचतं, पोफळीच्या गळलेल्या विरीत तर तळंच होतं. शहाळी फोडून टाका, करवंट्या पालथ्या घाला, विरी चुलीकडे न्या.

यानंतरची बाब नवशिक्यांच्या कधीच लक्षात येत नाही. कुंपणाला बांबू लावताना गडी घाईत दोन पेरांच्या मधे कापतो, आणि वरच्या तोंडाशी पेलाभर खोलीची नळी उरते. ओळीने चाळीस खांब असतील तर चाळीस पेले झाले. बांबू गाठीवरच कापायला सांगा. कापून झाला असेल तर नळीत माती ठासून भरा. झाडाच्या ढोलीलाही हाच उपाय.

टायरपाशी आलात की बहुधा शेजारच्या काकूही गडग्यापाशी येतील. ‘ह्यो टायर हंय कित्याक ठेवल्यात?’ असं त्या विचारतील. ‘शोभेसाठी’ हे उत्तर देऊ नका. टायरची रचनाच अशी आहे की तो कसाही ठेवला तरी पोटात पाणी राहतं. खाली भोकं पाडा नाहीतर भंगारवाल्याला द्या. आमचं मत दुसऱ्या पर्यायाला आहे.

घरात फ्रिजमागचा ट्रे, मनीप्लँटची बाटली, कुंड्यांच्या बश्या. पाण्याच्या टाकीचं झाकण नुसतं ठेवलेलं की घट्ट बसलेलं, ते स्वतः वर चढून बघा. गड्याने सांगितलेलं चालणार नाही. शौचालयाच्या टाकीचा जो उंच पाइप वर जातो त्याच्या तोंडाला जाळी बांधा, त्यातून क्युलेक्सची ये-जा असते. विहीर झाकता येत नसेल तर आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणून सोडा. ते अळ्या आवडीने खातात. पण उरले म्हणून ओढ्यात सोडू नका. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे, इथल्या ओढ्यातल्या लहान माशांच्या जिवावर उठतात.

विकत मिळणारे उपाय

निळ्या दिव्याच्या यंत्रात रात्रभर चटचट आवाज येतो आणि फार समाधान वाटतं. सकाळी ट्रे उघडून पाहा. पतंग, पाकोळ्या, भुंगेरे सगळे असतात, डास क्वचित. डास दिव्याला भुलत नाही, तुमच्या श्वासाला आणि घामाला भुलतो. न ऐकू येणाऱ्या आवाजाने डास पळवणारं यंत्र फक्त आपल्याला ऐकू येत नाही एवढंच खरं. रॅकेट हा व्यायाम आहे, जावयाला द्यावी. कॉइलने डास दबतात खरे, पण बंद खोलीत तिचा धूर रात्रभर छातीत जातो आणि सकाळी खोकला कोणाला, हे डासाला विचारून उपयोग नसतो. ‘मच्छर पळवणारी झाडं’ म्हणून नर्सरीवाला गवती चहा देईल. घ्या, चहात घाला. नुसतं रोप उभं राहून डासांना काही बोलत नाही.

धुराची गाडी गावात आली की लोक टाळ्या वाजवायचे बाकी राहतात. त्या धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांच्या केसालाही धक्का लागत नाही. चार-पाच दिवसांनी नवी तुकडी हजर.

सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे पंखा. डास उडण्यात कच्चा आहे, वाऱ्यात त्याला नेम धरता येत नाही. पडवीत एक टेबलफॅन लावून बसा आणि अंगभर कपडे घाला. वीज असेल तोवर.

पूर्वी असं नव्हतं, असं म्हणण्यापूर्वी

पूर्वी असंच होतं. गोठा होता, शेणकी होती, संध्याकाळी कडुनिंबाचा पाला आणि गोवरी जाळून धूर करत होते, तरी हिवतापाने माणसं जात होती. एक मात्र होतं की घरातल्या बायका घासलेलं भांडं सरळ ठेवत नसत. कळशी, घागर, तपेलं, सगळं पालथं. डासासाठी नव्हे, पाणी निथळावं म्हणून. पण त्यात कित्येक एडीसची घरं बसायच्या आधीच उठली असतील.

निघताना

रविवारी निघण्यापूर्वी कमोडचं झाकण लावा. बंद घरात तेही पाणीच आहे. मोरीच्या जाळीवर फरशीचा तुकडा ठेवा. बादल्या पालथ्या, उरळी पालथी, घंगाळ पालथं. काकूंकडे चावी ठेवाच, पण ‘मधे एकदा बघून घ्या’ असं मोघम सांगू नका. बुधवारी काय काय बघायचं ते नावानिशी सांगा. बदल्यात पैसे देऊ करू नका. मुंबईहून येताना त्यांना काय हवं ते विचारून आणा.

डेंग्यूचा ताप डास चावल्यानंतर चार ते दहा दिवसांनी उतरतो, म्हणजे अंगात उतरतो. तोवर तुम्ही ऑफिसात असता आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला गटाराबद्दल चार शब्द ऐकवलेले असतात. ताप आला तर स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन किंवा ब्रुफेन घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. डॉक्टरांकडे जा, रक्त तपासून घ्या. ते विचारतील, ‘बाहेरगावी गेला होतात का?’ त्यावर ‘छे, घरीच होतो’ असं सांगू नका. शनिवार-रविवारचं घर इथे धरायचं असतं.