कोणती माती?

आमच्या मजल्यावरच्या काकांसमोर 'त्यानं माती खाल्ली' असं म्हणायची सोय नाही. "कोणती?" असा प्रश्न येतो, आणि तो विनोद नसतो. काका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले; पीएच.डी. बेंटोनाइट नावाच्या मातीवर. कच्छहून आणलेल्या पोतंभर मातीत त्यांची उमेदीची 5 वर्षं गेली. "फुकट नाही गेली," हे ते स्वतःच लगेच जोडतात.

पाकिटात नातवाचा फोटो आणि त्याच्यामागे काचेच्या एका बशीचा. बशीत जंतूंचा दुधी थर, मधोमध मातीची टिकली, तिच्याभोवती नितळ कडं. "इथे एक तरी जंतू दिसतोय? दाखव!" भाजीवाल्यापासून बँकेतल्या मुलीपर्यंत सगळ्यांनी ते कडं पाहिलंय. काकूंच्या मते लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा हे एवढे खुललेले नाहीत.

जेवायला बोलावलं तर घडीची पोळी आधी उलगडली जाते. "हे पदर बघ. मातीचा एक पदर जेमतेम 1 नॅनोमीटर जाडीचा. पदरावर ऋण भार, म्हणून मध्ये सोडियम येऊन बसतो. पण भाडेकरूच तो! तांब्याच्या क्षाराच्या पाण्यात माती ढवळत ठेवली, की तांबं आत आणि सोडियम जिन्यावर. जंतूंना मारतं ते हे तांबं." मग चांदी, मग जस्त, मग ती लांब शेपटीची अमोनियम संयुगं, जी जंतूच्या आवरणात घुसून ते फाडतात. तोवर पोळीचा पापड झालेला असतो.

"पण काका, तांब्याच्या हंड्यातल्या पाण्यातही जंतू मरतात की," असं मी एकदा बोलून गेलो. माती तांबं धरून ठेवते आणि सावकाश, हात आखडून सोडते, हे मग मला सिलिंडर खांद्यावर घेऊन ताटकळलेल्या माणसाच्या साक्षीनं पाऊण तास ऐकावं लागलं.

गणपतीत बादलीतली शाडूची मूर्ती विरघळायला लागली की आमचे डोळे पाणावतात. काका मनगटावरचं घड्याळ बघत गाळ खाली बसायला किती वेळ लागतो ते मोजतात. पाया मात्र आधी पडतात.

असला माणूस जखमेवरही माती थापेल, असं कुणालाही वाटेल. गेल्या रविवारी समोरची चिमी सायकलवरून पडली. तिच्या आजीनं कुंडीतली चिमूटभर माती उचलली. "तुम्हीच म्हणता ना, मातीनं जंतू मरतात?"

काका जिन्यातून ओरडले, "आजी, टाका ती! धनुर्वाताचे जंतू असल्याच मातीत राहतात! माझी माती प्रक्रिया केलेली, आणि तीसुद्धा अजून बशीतच बरी!"

गुडघा त्यांनी स्वतः नळाखाली साबणानं धुतला, इंजेक्शनसाठी रिक्षा थांबवली. रिक्षा सुटली तेव्हा चिमीचं रडणं थांबलं होतं. तिच्या हातात तो बशीचा फोटो होता.