कोणतीही कसर न ठेवल्याबद्दल

मा. अध्यक्ष व कार्यकारी मंडळ,
सार्वजनिक वाचनालय,
मु. पो. आपलंच गाव

महोदय,

वाचनालयाचे आभार मानणारं एकही पत्र गेल्या कित्येक वर्षांत आलेलं नाही, हे आम्ही आवक वहीवरून सांगू शकतो. (ती वही मधल्या पानांपर्यंत आम्ही संपवली आहे. चव बेताची.) तेव्हा हा मान आम्हीच घेतो. आम्ही कपाट क्रमांक 7 मध्ये राहणारी कसर.

आमच्या गरजा फार नाहीत. अंधार, थोडी ओल आणि बांधणीतली खळ. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे, कपाटात वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवायचे. तो काळ आमच्या पूर्वजांनी कसा काढला तेच जाणोत. आता तीन कोटेशनं मागवून सगळ्यांत स्वस्त बाइंडर निवडला जातो आणि मोरचुदाची भीती उरलेली नाही. खायला नसलं तरी आम्ही महिनोन्महिने तग धरतो. या बाबतीत आपल्या ग्रंथपालांशी आमचं चांगलं जमतं. 2022 मध्ये सरकारी अनुदानात 60 टक्के वाढ झाली आणि आपल्यासारख्या 'ड' वर्गाच्या वाचनालयाचे वर्षाचे 30 हजार 48 हजारांवर गेले. निम्मे पगाराला धरले तर महिन्याला 2 हजार. तेवढ्यात माणसाने दार उघडावं, झाडावं, वर्तमानपत्रं लावावीत, देवघेव करावी, हिशेब लिहावा आणि वर वाचन संस्कृती रुजवावी, अशी आपली अपेक्षा. ते गृहस्थ दुपारी किराणा दुकानात वह्या लिहायला जातात, तेव्हा वाचनालय आमच्या ताब्यात असतं.

सरकारचेही आभार. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्ये ग्रंथालयांचा कायदा केला, मद्रासने 1948 मध्ये केला आणि घरपट्टीबरोबर ग्रंथालयासाठी उपकर लावला. महाराष्ट्राने 1967 मध्ये कायदा केला, पण उपकर वगळला. तो उपकर नाही, हाच आमच्यावर उपकार. संस्था गावाने चालवायची, सरकारने हप्त्याने अनुदान द्यायचं आणि दोघांनी एकमेकांकडे बघायचं, ही व्यवस्था आम्हाला अतिशय मानवली. वरच्या वर्गात जावं म्हणून कुणी धडपडलंच, तर 2012 च्या सरकारी पडताळणीनंतर वर्गबदल वर्षानुवर्षं रखडला, हा अनुभव. मग धडपडायचं कशाला?

तपासणीचा दिवस तेवढा त्रासाचा. आदल्या संध्याकाळी कपाटं पुसली जातात, पडदे धुतले जातात आणि देवघेव नोंदवही एका बैठकीत, एकाच पेनाने पूर्ण होते. त्या वहीनुसार गावातले दोन दिवंगत सभासद अजून नियमित पुस्तकं बदलून नेतात. पण तपासनीस दाखल नोंदवहीतले आकडे बघतात, चहा घेतात आणि जातात. आकडा भरण्यासाठी मार्चअखेर आपण घसघशीत सवलतीत जी पुस्तकं आणता, त्यांचा कागद फारसा चांगला नसतो. पण तक्रार नाही. कुणीही न मागितलेलं पुस्तक कुणी हातातही धरत नाही, आणि आम्हाला तेवढंच हवं असतं. मागणी वहीत गेल्या पावसाळ्यात एका मुलीने पाच नावं लिहिली होती. ते पान आम्ही सगळ्यांत आधी खाल्लं.

12 ऑगस्टला मात्र आमचा जीव टांगणीला लागतो. त्या दिवशी, जयंती म्हणून, आपण डॉ. रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घालता. याच माणसाने 1931 मध्ये ग्रंथ लिहून ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली आणि पहिलंच सूत्र पुस्तकांच्या वापराबद्दल ठेवलं. युरोपात एके काळी पुस्तकं साखळदंडाने फळीला जखडून ठेवत, त्याचीही हकिगत त्यांनी त्याच ग्रंथात दिली आहे. सुदैवाने तो ग्रंथ आपल्याकडे बंद कपाटात आहे आणि त्या कपाटाची किल्ली माजी चिटणीसांकडे.

आता पत्राचं खरं कारण. मंडळावर नव्याने आलेल्या बाई काहीतरी भलतंच बोलू लागल्या आहेत, असं कानावर आलं. मुक्तद्वार पद्धत आणू, म्हणतात. म्हणजे वाचकाने स्वतः फळीपाशी जायचं, पुस्तक काढायचं, चाळायचं, नको तर परत ठेवायचं. महोदय, आम्हाला डांबरगोळ्यांपेक्षा चाळणाऱ्या माणसाची धास्ती जास्त. पान उलटलं की उजेड आला, हवा आली, आम्ही संपलो. 'पुस्तकं चोरीला जातील' हे आपलं ठेवणीतलं उत्तर या वेळीही द्यावं. चोराच्या घरी का होईना, पुस्तक वाचलं जाईल, असं त्या म्हणाल्या तर विषय बदलावा.

त्यांची दुसरी सूचना वेळेबद्दल आहे. सध्या शाळा सुटते त्याच सुमाराला आपलं दार लागतं. त्या म्हणतात, दुपारी बंद ठेवू आणि रात्री आठपर्यंत उघडं ठेवू. मुलांकडून अनामत घेऊ नये, असंही म्हणतात. तिसरी सूचना फाटक्या, निकामी पुस्तकांच्या निर्लेखनाची. आमचं अख्खं गावठाण त्यात जाईल! आणि सगळ्यांत घातक ती अभ्यासिकेतल्या मुलांबद्दलची. स्पर्धा परीक्षेची ही मुलं पहाटेपासून येऊन बसतात, स्वतःची पुस्तकं आणतात, आपल्या कपाटांकडे बघतही नाहीत. आपण त्यांना 'खुर्च्या अडवणारे' म्हणता, ते उत्तम चाललं आहे. खरं तर रोज न चुकता येणारे तेवढेच. त्यांच्या टेबलाशेजारी एक उघडी मांडणी ठेवली, तर अभ्यासाला कंटाळून एखादा कादंबरी ओढेल. एकाने ओढली की दुसरा विचारेल. एका मांडणीचा खर्च आपल्या वर्धापनदिनाच्या शाली-श्रीफळांहून कमी आहे, हे कृपया कुणाच्या लक्षात आणून देऊ नये.

येत्या सर्वसाधारण सभेत हे ठराव येणार आहेत. आमची विनंती इतकीच, की सभेची नोटीस नेहमीप्रमाणे आतल्या भिंतीवर, जुन्या कॅलेंडरच्या मागे लावावी. कोरमअभावी सभा तहकूब करावी, अर्ध्या तासाने त्याच जागी त्याच सात जणांत घ्यावी आणि बाईंचे ठराव 'पुढील सभेत विचारार्थ' ठेवावेत. वर्गणी भरलेल्या प्रत्येक सभासदाला त्या सभेत बसण्याचा आणि मत देण्याचा हक्क आहे, ही गोष्ट गावात फुटता कामा नये. पन्नास माणसं खरोखरच येऊन बसली, तर आमचा इलाज नाही आणि आपलाही नाही.

आपले कृपाभिलाषी,
कपाट क्रमांक 7 मधील समस्त रहिवासी