हवापालटासाठी डोंबिवली

जुन्या मुंबईत कुणाची छाती बिघडली, की डॉक्टर नाशिकजवळच्या देवळालीचं नाव घेत. तिथल्या सॅनेटोरियममध्ये कोरडी हवा खाऊन माणूस गालांवर थोडा रंग घेऊन परते. नाशिक जिल्ह्यातला आजारी जीव उलट डोंबिवलीला हवापालटासाठी येईल, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पण गेल्या जानेवारीत निफाडच्या माझ्या आतेबहिणीने भाच्याच्या मांडीवर बसवून एक कुंडी ‘पंचवटी एक्सप्रेस’ने कल्याणला धाडली. जिथे 2014 साली हिरवा पाऊस पडला आणि 2020 मध्ये रस्ता गुलाबी झाला, त्या डोंबिवलीच्या हवेवर कुणी एवढा भरवसा टाकलेला पाहून मला गहिवरूनच आलं.

कुंडीत पोनीटेल पाम होता. निफाडला पारा पाच अंशांखाली गेला, की मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. घडांसाठी एवढा जागर चाललेला असताना अंगणातल्या शोभेच्या झाडाला कोण पांघरूण घालणार? पानांतलं पाणी गोठलं, पेशी फुटल्या, आणि उन्हं आल्यावर ती लांबसडक झुलपं काळपट होऊन लोळली. आमच्याकडे थंडी ही मुख्यतः हौसेची बाब. पारा अठरावर आला, की डोंबिवलीकर डांबरगोळ्यांच्या वासासकट स्वेटर काढतो, फलाटावर ‘यंदा चांगलीच पडलीय’ असं समाधानाने म्हणतो आणि लोकलमध्ये शिरल्यावर तो उतरवायला हात हलत नाही म्हणून घामाघूम होतो.

हे झाड मूळचं मेक्सिकोच्या पूर्व भागातलं, कोरड्या रानातलं. पाण्याची बेगमी बुडाच्या फुगीर गड्ड्यात करून ठेवणारं. ‘दादा, कांदा दाबून बघतोस ना, तसाच गड्डा दाबून बघ,’ बहीण फोनवर म्हणाली. बोट रुतलं तर कूज, टणक लागला तर आशा. टणक होता. मग उपचार एवढाच: मेलेली पानं छाटायची, पाणी जवळजवळ तोडायचं, खत द्यायचं नाही, उन्हाळ्याची वाट पाहायची. पण आजाऱ्याला काहीही न देणं आमच्या सोसायटीत क्रौर्य समजतात. कुणी आंबट ताक आणलं, कुणी केळीच्या साली, कुणी चहाचा चोथा. बायकोने सगळ्यांना दारातूनच परतवलं. स्वतः मात्र जाता-येता ती गड्डा दाबून बघे. माझी प्रकृती इतक्या नेमाने कुणी तपासल्याचं मला स्मरत नाही.

लहानपणी ताप आला, की आजी लंघन घाली. वाटीभर पेजेसाठी आम्ही रडायचो. ती काही देत नसे, पण उशाशीच बसून राही, आणि रात्री केव्हाही डोळे उघडले तरी तिचा हात कपाळावर असे. न देण्यातही एवढं जागरण असतं, हे तेव्हा कळण्याचं वय नव्हतं.

होळी उलटल्यावर मेलेल्या शेंड्याच्या खाली, बुंध्यावरचे झोपलेले डोळे उघडले. जिथे एक शेंडी होती तिथे आता तीन हिरवे झुबके आहेत, आणि बहिणीला झाड परत हवं आहे. न देऊन इलाज नाही. इथे जूनपासून जो अडीच मीटरच्या घरातला पाऊस कोसळतो, त्यात हा गड्डा सडायला वेळ लागणार नाही. तेव्हा ठरलं ते असं: पावसाळ्यात निफाड, थंडीत डोंबिवली. निवृत्तीनंतर असंच वेळापत्रक आमच्या थोरल्या काकांनी मागितलं होतं. त्यांना मात्र दोन्ही घरांनी ‘बघू’ म्हणून सांगितलं होतं.