नऊ निघाला, सात घरीच

अमेरिकेत मुलीकडे सहा महिने राहायला येणारे निवृत्त वडील दोन जातींचे. एक परसात मिरच्या-टोमॅटो लावून हरणांशी वैर धरतात, दुसरे गराजमध्ये काहीतरी उघडून बसतात. न्यू जर्सीत, एडिसनला, आमच्या शेजारी उतरणारे नाना दुसऱ्या जातीचे.

नाशिकला नानांची सकाळ गॅलरीत जायची. टेलिफोन खात्यात हयात गेलेली, हॅम रेडिओचा परवाना मोर्सची परीक्षा देऊन काढलेला, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवणं अंगात मुरलेलं. घराबाहेर पडणाऱ्याला ‘कुठे निघालात?’ विचारू नये, काम होत नाही, म्हणून नाना विचारत नसत, नुसतं ताडत. हातात पिशवी असेल तर मंडई, पिशवीतून थर्मास डोकावत असेल तर दवाखाना.

एडिसनला पंचाईत झाली. इथे माणूस दिसतच नाही. गराजचं दार वर जातं, गाडी बाहेर येते, दार खाली. कोण गेलं, बाई की बाप्या, काळ्या काचेतून कळायला मार्ग नाही. पहिल्या वर्षी नानांनी डेकवर खुर्ची टाकून पाहिली. खारींशी ओळख झाली.

दुसऱ्या वर्षी त्यांनी जावयाकडून लॅपटॉपला रेडिओ ऐकवणारा अंगठ्याएवढा एक डोंगल मागवला, कपाटातला तारेचा हँगर सरळ केला, मोजून पन्नास सेंटिमीटरवर तोडला आणि डेकच्या कठड्याला अँटेना म्हणून उभा बांधला. (जावई अजून असोसिएशनच्या नोटिशीची वाट बघतोय.) लॅपटॉपवर न्यू जर्सीचा नकाशा उघडला, आणि दहा मिनिटांत नकाशावर गाड्या चालू लागल्या.

इथल्या हॅम मंडळींचा हा जुना उद्योग. गाडीत रेडिओ, त्याला जीपीएस जोडलेला; मिनिटा-दोन मिनिटांनी, वळणावर तर लगेच, रेडिओ आपण होऊन सांगतो: मी अमुक, इथे आहे, या दिशेला, या वेगाने. अख्ख्या अमेरिकेत त्यासाठी एकच फ्रीक्वेन्सी, १४४.३९० मेगाहर्ट्झ. एक १२०० हर्ट्झचा सूर, एक २२०० चा, आणि त्यांच्या उलटापालटीतून बाराशे बॉडने जाणारा मजकूर. कानाला नुसती अर्ध्या-पाऊण सेकंदाची खरखर. टेकडीवरचा डिजिपीटर ती ऐकतो आणि जोरात पुन्हा म्हणतो. किती जणांनी पुढे म्हणायचं, हेही त्या मजकुरातच लिहिलेलं असतं. वाड्यातल्या बातमीसारखं, पण ‘पुढे सांग, दोनच घरं हं’ अशी अट घालून. आणि वाड्यात कधी पाळली गेली नाही ती अट इथे यंत्र पाळतं. पाठवायला परवाना लागतो, ऐकायला नाही. नानांना ऐकायचंच होतं.

नकाशावर माणसाचं नाव नसतं. कॉलसाइन असते आणि तिच्यापुढे एक आकडा. रिवाज असा की नऊ म्हणजे गाडी, सात म्हणजे हातातला वॉकी-टॉकी, तेरा म्हणजे हवामानाचं यंत्र, अकरा म्हणजे आकाशात सोडलेला फुगा. त्यामुळे नानांच्या घरात सकाळी वेगळीच भाषा चालते. “नऊ निघाला,” नाना बशीत चहा ओतत सांगतात. “सात घरीच.”

एकदा एकाच कॉलसाइनचे सात आणि नऊ विरुद्ध दिशांना गेले आणि दिवेलागणीपर्यंत परतले नाहीत. नानांचं जेवणात लक्ष लागेना.

“भांडले असतील का हो?” नानींनी विचारलं. त्याही गुंतल्या होत्या.

“आई, गाडी मेकॅनिककडे दिली असेल,” मुलगी म्हणाली.

“मेकॅनिककडे दिलेली गाडी पार्कवेवरून ताशी सत्तर मैलांनी जात नाही,” नाना म्हणाले, आणि वरणात कालवलेला भात तसाच ठेवून पुन्हा लॅपटॉपपाशी गेले.

रोज सव्वासातला एक नऊ हॉलंड टनेलमध्ये शिरतो. हडसनच्या पोटात अडीच किलोमीटरच्या वर बोगदा. आत ना उपग्रह दिसत, ना रेडिओ पोचत. ठिपका जर्सी सिटीच्या तोंडाशी थिजतो. नाना तेवढा वेळ कोणाशी बोलत नाहीत. मॅनहॅटनमध्ये ठिपका उमटला की “पोचला” म्हणून ते आंघोळीला जातात. त्या गृहस्थाला नाना आजवर भेटलेले नाहीत.

काही रेडिओ ठिकाणासोबत मालकाची स्थितीही कळवतात: ‘एन रूट’, ‘रिटर्निंग’, ‘ऑफ ड्यूटी’. एकदा ठेवलेली सेटिंग सहसा कोणी बदलत नाही, म्हणून भर कामाच्या वेळी टर्नपाइकवरून सुसाट जाणारा एक नऊ कायम ऑफ ड्यूटी असतो. “सरकारी नोकर,” नानांचं निदान. एकाच्या जीपीएसला उपग्रहच सापडेनात. अक्षांश शून्य, रेखांश शून्य, गाडी थेट आफ्रिकेजवळच्या समुद्रात. नानींनी हात जोडले. उभ्या गाडीचा ठिपकाही जीपीएसच्या हेलकाव्याने रात्रभर अंगणात घुटमळतो. नाना म्हणतात, त्याला झोप नाही.

हे सगळं सुरू केलं बॉब ब्रुनिंगा यांनी. ॲनापोलिसच्या नौदल अकादमीतला हा माणूस. १९८२ मध्ये ॲपल टूवर नौदलाकडून येणारी ठिकाणं नकाशावर मांडली, १९८४ मध्ये शंभर मैलांच्या घोड्यांच्या शर्यतीसाठी तोच खेळ व्हिक-२० वर केला, आणि १९९२ मध्ये त्याची एपीआरएस म्हणून जगाला ओळख करून दिली. २०२२ मध्ये ते गेले. हे वाहनांचा माग काढायचं यंत्र नव्हे, आसपासच्या माणसांनी एकमेकांना ताजी खबर द्यायची सोय आहे, असं ते बजावत राहिले. नाना त्यांना गुरू मानतात आणि हे एक सोडून त्यांचं सगळं ऐकतात.

घरात हॅमचे आकडेही रुळलेत. ‘त्र्याहत्तर’ म्हणजे शुभेच्छा. नाना नातीला शाळेत जाताना तोच आशीर्वाद देतात. ‘अठ्ठ्याऐंशी’ म्हणजे प्रेम आणि पापे. नानींना तो आकडा आजवर मिळालेला नाही. नातीला सतराव्या वर्षी लायसन्स मिळालं तेव्हा नानांनी गाडीत ट्रॅकर बसवून द्यायची तयारी दाखवली. अट एकच: आधी हॅमची पस्तीस प्रश्नांची परीक्षा दे. “त्र्याहत्तर, नाना,” म्हणत तिने किल्ली उचलली ती उचलली.

मला धास्ती होती ती वेगळीच. हे असं लोकांच्या मागावर राहणं इथे शोभत नाही, एक दिवस कोणीतरी दारात येऊन जाब विचारेल. मग ओक ट्री रोडवरच्या वाणसामानाच्या दुकानाबाहेर ती गाडी दिसली. छपरावर लांब अँटेना, नंबरप्लेटवर नंबराच्या जागी कॉलसाइन. एक गोरा गृहस्थ समोशांची पिशवी सांभाळत दार उघडत होता. मी नानांना आवरेपर्यंत नाना पोचलेसुद्धा.

“परवा तुम्ही २८७ वर पाऊण तास अडकला होतात,” नाना इंग्रजीत म्हणाले. “आणि रविवारी उशिरा निघालात. तब्येत बरी आहे ना?”

माणूस गप्प. मी पोलिसांना काय सांगायचं ते जुळवू लागलो. त्याने पिशवी टपावर ठेवली आणि गाडीत बसलेल्या बायकोकडे वळून तो ओरडला, “बघ! तुला सांगत होतो ना, कोणीतरी बघतं!”

वर्षानुवर्षं तो मिनिटा-मिनिटाला स्वतःचा ठावठिकाणा हवेत सोडत होता आणि एका माणसाने कधी विचारलं नव्हतं. पार्किंगमध्ये दोघे तासभर बोलले. समोसे गार झाले. त्याची बायको आणि मी एकमेकांकडे बघून हसलो, दुसरं काय करणार.

तेव्हा तुमच्याकडे वडील किंवा सासरे सहा महिन्यांसाठी येणार असतील, तर विमानाच्या तिकिटाबरोबरच तो डोंगलही मागवून ठेवा. तीस-चाळीस डॉलरला मिळतो. हँगर मात्र तारेचा हवा, प्लास्टिकचा चालत नाही.