‘लेडीज मॉडेल’च्या शिल्पकारांस जाहीर आभारपत्र

प्रति,
मा. प्रमुख, लेडीज मॉडेल विभाग,
ट्रेकिंगचे बूट बनवणारी एक नामवंत कंपनी
(नाव लिहीत नाही, आपण स्वतःला ओळखालच.)

विषय : गुलाबी रंगाबद्दल कृतज्ञता

महोदय,

स.न.वि.वि.

हे पत्र खरं तर पावसाळ्यातच टाकायचं होतं. पण आपले बूट घालून गड उतरल्यावर दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी पडली, आणि नवं नख यायला निसर्ग बराच वेळ घेतो. त्या सक्तीच्या विश्रांतीत आपल्या कर्तृत्वाचा सावकाश अभ्यास करता आला. तेही आपलेच उपकार.

आधी पत्ता सांगते. हे खंडाळा गाण्यातलं, लोणावळ्याशेजारचं नव्हे. आमचं खंडाळा सातारा जिल्ह्यातलं. पुण्याहून येताना शिरवळ मागे टाकलं की खंबाटकी घाटाच्या अलीकडे लागतं ते. आपली गाडीही इथून गेली असेल, काचा वर करून. काच जरा खाली केली असतीत तर डोंगर दिसला असता आणि डोंगरावर बायकाही दिसल्या असत्या. कुणी सरपणाला गेलेली, कुणी शेरडांमागे, कुणी काळूबाईच्या दर्शनाला मांढरदेवी चढणारी, आणि रविवारी आमच्यासारख्या निव्वळ हौसेने गड चढणाऱ्या. आपल्या बुटांकडे बघून वाटतं, की यातली एकही आपल्या नजरेस पडलेली नाही.

याच तालुक्यात नायगाव आहे. 3 जानेवारी 1831 रोजी सावित्रीबाई फुले तिथे जन्मल्या. दर जयंतीला तिथे पुढाऱ्यांची रीघ लागते आणि बाईला कुठलंच क्षेत्र वर्ज्य नाही, हे माइकवरून ठणकावून सांगितलं जातं. आपणही 8 मार्चला तेच सांगता, फक्त सोबत सवलतीचं कूपन असतं. आपल्या जाहिरातीतली मुलगी कड्याच्या टोकावर हात पसरून उभी असते. तिच्या बुटाला चिखलाचा ठिपका नाही, कपाळावर घाम नाही. ती तिथवर चालत आली की तिला आणून ठेवली, हे विचारायचा धीर होत नाही.

आता मुद्द्याचं. आपले बूट आम्ही नुसते वापरले नाहीत, त्यांची रीतसर परीक्षा घेतली. ही रीत आमची नाही, बर्फाच्या मुलखातल्या बायकांची आहे. तिथे स्की विकत घेण्याआधी ‘डेमो डे’ असतो. एकाच उतारावरून एकामागून एक वेगवेगळ्या स्की पायाला बांधून खाली यायचं, प्रत्येकीनं आपलं मत कागदावर मांडायचं आणि मग सगळे कागद ताडून बघायचे. ‘ऑल-माउंटन’ म्हणतात ती स्की तर दाबलेल्या बर्फावर, भुसभुशीत बर्फावर, खाचखळग्यांत, सगळीकडे चालली पाहिजे. तिची कंबर साधारण 85 ते 100 मिलिमीटर रुंद असते. असल्या वस्तूचा कस दुकानात लागत नाही. दुकानात बर्फ नसतो.

तिथेही पूर्वी आपल्यासारखी कल्पक माणसं होती. पुरुषांचीच स्की आखूड करायची, वर फुलं काढायची आणि बायकांची म्हणून विकायची. अंगाने हलक्या बाईला ती वाकवताच यायची नाही, आणि जी स्की वाकत नाही ती वळत नाही. बायकांनी उतारावर उभं राहून नावं ठेवली, तेव्हा काही कंपन्या जाग्या झाल्या. त्यांनी आतला गाभा हलका केला, स्की जास्त लवेल अशी केली, बूट अडकवायची जागा किंचित पुढे घेतली. बाईच्या पोटरीचा स्नायू जास्त खालपर्यंत येतो, म्हणून स्कीच्या बुटाची मानही खाली आणली. रंग सगळ्यात शेवटी ठरवला. आपण रंगापासून सुरुवात करता, आणि पुढची कामं राहून जातात.

आमच्याकडे बर्फ नाही. घसारा मात्र हवा तेवढा आहे. तेव्हा नंबर जुळणाऱ्या मैत्रिणींनी वाटेत बूट आपसांत बदलले, त्याच चढाने वर गेल्या, त्याच उताराने खाली आल्या. निकाल आपल्या माहितीसाठी पुढे देत आहे.

पहिला पेपर चढाचा. केंजळगडाच्या माथ्याखाली कातळात कोरलेल्या पायऱ्या आहेत. आपल्या बुटात दर पायरीला टाच वर उचलली जाते आणि परत खाली बसते. हे इतक्या नेमाने होतं, की त्यावर ताल धरून गौरीची गाणी म्हणता यावीत. माथा येईतो टाचेला फोड आलेला असतो. आपल्या खोक्यावर ‘टाचेला भक्कम आधार’ असं छापलं आहे. आधार भक्कम आहेच. टाच त्याच्यापर्यंत पोचत नाही, एवढंच.

दुसरा पेपर उताराचा, आणि इथे आपली खरी गुणवत्ता दिसली. पांडवगड उतरताना अंगाचं सगळं वजन पुढे येतं. टाचेला पकड नसली की पाय बुटाच्या आत घसरतो आणि दर पावलाला बोटं पुढच्या भिंतीवर आदळतात. नाडी करकचून बांधली तर पायाला मुंग्या येतात, सैल सोडली तर नखांवर घण पडतात. निवडीचं स्वातंत्र्य आपण राखलंत, त्याबद्दल धन्यवाद.

तिसरा पेपर मुरमाचा. आपल्याच कंपनीच्या पुरुषांच्या बुटाला तळाशी खोल, टोकदार खाचा आहेत. लेडीज मॉडेलच्या खाचा उथळ आणि पाकळ्यांच्या आकाराच्या. नक्षी सुरेख आहे, पण सुकलेल्या गवताखालच्या मुरमाला सौंदर्यदृष्टी नसते. आमच्यातली एक त्या पाकळ्यांवरून जी घसरली, ती थेट करवंदीच्या जाळीत थांबली.

न्यायाने वागायचं म्हणून एक गुणही नोंदवते. रायरेश्वराच्या लोखंडी शिडीवर आपला बूट चांगला वागला. शिडीवर सगळा भार चवड्यावर असतो, टाचेला काही काम नसतं. शिवाय परंपरेने स्वराज्याच्या शपथेशी जोडलेल्या जागी आपला उद्धार करणं आम्हालाही प्रशस्त वाटलं नसतं.

आपल्या स्पर्धकांबद्दलही सांगते, म्हणजे आपल्याला एकटं वाटणार नाही. पुरुषांच्या विभागातला लहान नंबरचा बूट चवड्याला ऐसपैस निघाला, पण टाच त्यातही पोहत होती. शाळकरी मुलांच्या विभागातला स्वस्त बूट सपाटीला बरा, कातळावर निकामी. एकीला मात्र परदेशातल्या नातलगाने खरोखर बाईच्या पायावर बेतलेला बूट आणून दिला होता. टाच आवळून धरणारा, चवड्याला मोकळा. रंग राखाडी, दिसायला अगदीच सामान्य. उतरताना प्रत्येकीला तोच हवा होता. त्याच्या रंगाबद्दल कुणीच तक्रार केली नाही. आपल्या मनाला लागेल म्हणून हे हळूच सांगते.

यामागचं कारण आपल्याला ठाऊक नसेल असं कसं म्हणू? बूट ज्या साच्यावर चढवून बांधतात त्याला जुने कारागीर कलबूत म्हणतात. आपण पुरुषाच्या पायाचं कलबूत घेतलंत, सगळीकडून सारखं आक्रसवलंत आणि कामाला लावलंत. 2001 साली वुंडरलिख आणि कॅव्हनॉ या संशोधकांनी पायांची मापं घेऊन दाखवून दिलं, की बाईचा पाय ही पुरुषाच्या पायाची छोटी प्रत नाही. लांबीचा फरक हिशेबातून काढला तरी आकार वेगळाच उरतो. त्या निबंधाला दोन तपं उलटली. आपल्या वाचनालयात तो अजून पोचायचा असेल.

परदेशी पायांचं आम्हाला काय, असं म्हणण्याचीही सोय राहिलेली नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभरात 79 ठिकाणी एक लाखाहून जास्त माणसांचे पाय यंत्राने मोजले. भारतीय पाय रुंद असल्याचं त्यात दिसलं. मुलीच्या पायाची वाढ अकराव्या वर्षाच्या सुमारास शिगेला पोचते आणि मुलाच्या पायाची पंधरा-सोळाव्या, हेही दिसलं. त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली. तिच्यात बायकांचा गट वेगळा आहे आणि पुरुषांचा वेगळा. आपण मात्र इंग्रजांनी मागे ठेवलेल्या नंबरांना जीव लावून बसला आहात. त्यात एक नंबर वाढला की लांबी एक तृतीयांश इंचाने वाढते. रुंदीची विचारपूस कोणी करत नाही.

आणि एवढं लांब तरी कशाला जायचं? 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यातल्या जिल्ह्यांत आमचा साताराही आहे. मापाची चप्पल करायला गेलं की जुना कारागीर आधी पाय मागतो. पाय कागदावर ठेवायला सांगतो, भोवती पेन्सिल फिरवतो, अंगठा आणि चवडा निरखतो. त्याच्याकडे लेडीज विभाग नसतो. समोर बसलेली बाई असते, आणि तिचा पाय बघितल्याशिवाय तो चामड्याला हात लावत नाही.

आपलं उत्तर मला पाठ आहे. दुकानदार आपल्या वतीने ते दर वेळी म्हणून दाखवतो : ‘ताई, डोंगर चढणाऱ्या बायका असतात किती?’ आमच्या जिल्ह्यापुरतं सांगते. साताऱ्याच्या प्रियांका मोहिते 2013 साली एव्हरेस्टवर पोचल्या. पुढे ल्होत्से, मकालू, अन्नपूर्णा आणि 2022 साली कांचनजंगा. आठ हजार मीटरवरची पाच शिखरं गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. त्या शर्यतीत 28 अडथळे आणि शिवाय 7 वेळा पाण्यावरची उडी असते. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट पळत चढणाऱ्या बायका वेगळ्याच. एवढ्याने बाजारपेठ होत नसेल, तर शेरडांमागे रबरी चपलेत डोंगर पालथा घालणाऱ्या बायकाही त्यात धरा. त्यांनी आपला बूट घेतला नाही, याचं कारण किंमत असेल असं मला आधी वाटायचं. बूट घालून बघितल्यावर वाटतं, त्यांनी दुरूनच ओळखलं असावं.

दुसरं उत्तर खर्चाचं. प्रत्येक नंबराला वेगळं कलबूत, तळव्याचा वेगळा साचा, हे महाग पडतं. कबूल. पण मग बुटाच्या जिभेवर फुलपाखरू भरायला, खोक्यात सुगंधी कागद घालायला आणि ‘खास तिच्यासाठी’ असं सोनेरी अक्षरांत छापायला पैसे कुठून येतात? आणि हा सगळा थाट करून बुटाची किंमत पुरुषांच्या बुटाएवढीच कशी राहते? टाचेचे पैसे वाचवून फुलपाखरू उडवलं, असा हिशेब आम्ही लावला आहे. चुकला असेल तर दुरुस्त करावा.

खरं सांगायचं, तर आपला धंदा गुलाबी रंगावर चाललेला नाही. बाई भागवून घेते, या एका भरवशावर तो उभा आहे. टाच सैल आहे? ती दोन मोजे घालते. फोड येतो? चिकटपट्टी लावून निघते. चवडा आवळतो? मुलांच्या विभागातून बूट आणते आणि घरी सांगते, हाच बरा वाटला. 1975 साली जुन्को ताबेई आणि त्यांच्यासोबतच्या जपानी बायका एव्हरेस्टला निघाल्या, तेव्हा पैसा नव्हता. त्यांनी गाडीच्या सीटच्या जुन्या कव्हरांतून जलरोधक पिशव्या आणि हातमोजे शिवले, आणि 16 मे रोजी ताबेई शिखरावर उभ्या राहिल्या. त्या जिद्दीला आपण सगळे टाळ्या वाजवतो. त्यात सामान बनवणाऱ्यांच्या टाळ्या जरा जास्तच जोरात असतात, कारण बाई स्वतःच शिवून घेते म्हटल्यावर कारखान्याचं काम संपलं. आम्ही जितकं भागवून घेतलं, तितकी आपल्याला सुधारण्याची गरज उरली नाही. हे उपकार आता थांबवायचं ठरवलं आहे. सैल टाचेचा बूट यापुढे मोज्यांनी भरला जाणार नाही. पावतीसकट काउंटरवर परत येईल, आणि कारण मोठ्या आवाजात सांगितलं जाईल.

मागण्या फार नाहीत. कलबूत बाईच्या पायावरून बनवा. एकाच नंबरात निदान दोन रुंद्या ठेवा. दुकानात एक छोटा उतरता रॅम्प बसवा. परदेशात डोंगरी सामानाच्या दुकानांत तो असतो, आणि बोटं पुढे आदळतात का ते तिथे दोन मिनिटांत कळतं. गुळगुळीत फरशीवर चार पावलं टाकून फक्त फरशी चांगली आहे हे कळतं. नवं मॉडेल बाजारात आणण्याआधी ते वेगवेगळ्या वयाच्या आणि वजनाच्या बायकांकडून एकाच वाटेवर घालून तपासून घ्या, आणि त्या काय म्हणाल्या ते खोक्यावर छापा. रंग गुलाबी ठेवलात तरी चालेल. आमचं गुलाबीशी भांडण नाही.

शेवटी एक आग्रहाचं निमंत्रण. एका रविवारी आपण स्वतः यावं. केंजळगड चढू, उतरू, खाली आल्यावर पिठलं-भाकरी आमच्याकडून. येताना बूट आणायची तसदी घेऊ नये. आपल्याच लेडीज मॉडेलचा सगळ्यात मोठा नंबर आपल्यासाठी काढून ठेवला आहे. चवड्याला आवळेल, टाचेला लागेल, पण तेवढ्यावरून मागे फिरू नका. घालून घालून सैल होतो, असं आपल्याच दुकानदाराने आम्हाला सांगितलं आहे.

आपली नाइलाजाने ग्राहक,
रविवारी गड चढणारी एक बाई
खंडाळा, जि. सातारा